बँकांचा कौल

बर्स्लम, १४ नोव्हेंबर

प्रिय नोरीन,

बशी वर्तमानपत्रात गुंडाळत होते, तेवढ्यात क्लाइव्ह मागे येऊन उभा राहिला. "याही विकतेस की काय?" म्हणाला. मी नाही म्हणाले नाही. तो डोळे पुसत परसात गेला. अजून तिथेच आहे, म्हणून हे लिहायला मिळतंय.

तुझा गुडघा कसा आहे? इथे थंडी पडली आहे.

आमचा कपबशांचा कारखाना गेल्या महिन्यात बंद झाला. शेवटच्या दिवशीही आम्ही कपांवर फुलांचे छाप चिकटवत होतो. कुणासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरी गेल्याची भरपाई हातात पडली. माझ्या शेजारी बसून छाप लावणारी जॉयस म्हणाली, "मी ग्रीसला चालले. तू काय, नवऱ्याच्या कर्जाची भोकं बुजवणार?"

"हो."

"मूर्ख आहेस, बाये."

तुझ्या भावाचा कर्जफेडीचा करार अजून दोन वर्षं चालायचा होता. आम्ही दोघं कर्जदारांना सल्ला देणाऱ्या संस्थेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, एकरकमी काही दिलंत तर बँका उरलेलं सोडतीलही. त्यांचा कौल घ्यावा लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण पैसे तुमचे आहेत, मिसेस ब्लूर. कर्ज यांचं. तुम्ही द्यायलाच हवेत असं नाही."

त्यांनी चहा मागवला. सवयीने मी बशी कपासकट वर धरून खालचा शिक्का बघायला गेले. क्लाइव्हही त्याच क्षणी तेच करत होता. दोघांचा चहा कागदांवर. बाई बघतच राहिल्या.

"आमच्या गावात सगळेच बघतात हो, भांडं कुठल्या कारखान्याचं ते," क्लाइव्ह म्हणाला. "वेडे नाही आम्ही."

आम्ही दोघं हसलो. इतके, की बाईही हसल्या. सहीसाठी घेतलेलं पेन मी खाली ठेवलं. नोरीन, त्या क्षणी मला वाटलं, राहावं.

मग त्याने माझा हात धरला. "आता सगळं ठीक होईल, लोरेन."

मी सही केली.

क्रेडिट कार्डांवर उधारी चढत होती, तेव्हा तो रोज रात्री जेवताना मला हेच सांगायचा. सगळं ठीक आहे. तो वाईट नाही, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. पण आता पाऊस पडतोय म्हणाला तरी मी खिडकीतून बघून घेते. असं किती दिवस बघायचं?

हप्ता दोघांच्या पगारावर बेतला होता. मी मध्येच निघाले असते तर करार मोडला असता आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. ते माझ्याच्याने होईना. कर्ज फिटलं की मला जाता येईल. पैसे त्यासाठी दिले. त्याला वाटतं, त्याच्यासाठी.

कौल उद्या कळेल. बँका नाही म्हणाल्या तर हे पत्र तुला मिळणार नाही. बशा परत कपाटात जातील आणि मीही राहीन. हो म्हणाल्या तर शनिवारी ये. तू वाढलंस की जेवतो तो. त्याला काही विचारू नकोस. मला विचार.

सकाळ.

संस्थेचा फोन आला. बँकांनी मान्य केलं. क्लाइव्हने मला मिठी मारली. तो सोडेपर्यंत थांबले आणि मी जातेय ते सांगितलं.

तो जिन्यावर बसला. मग म्हणाला, "नोरीनला ठाऊक आहे?"

"पत्र लिहिलंय."

"आण, मी टाकतो."

मी दिलं नाही. कोट घातला आहे, स्वतःच टाकायला निघाले आहे.

अजून तरी तुझी भावजय,
लोरेन