पॅसेजमधलं तळं

३ फेब्रुवारी, सोमवार

चपलेत! माझ्या चपलेत! सकाळी कामावर जायच्या घाईत पाय घातला आणि कोमट लागलं. शी! शी! शी! पाय तीनदा साबणाने धुतला तरी दिवसभर तिथेच मन.

काल रविवारी कन्यारत्न आलं, खोक्यातून हे वीतभर पांढरं केसाळ जनावर काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि संध्याकाळच्या बसने परत नोकरीच्या गावी चालतं झालं. "आजोबांना सोबत होईल गं आई! दिवसभर एकटे असतात." कुत्र्याचं नावही तिनेच ठेवलंय. बटण! नाक बटणासारखं म्हणून. नाकाचं कौतुक आहे, बाकीच्या भोकांचं काय?

एकच अट घालून घेतलीय मी. ज्या बाईंकडून आणलं त्या महिन्याभरात परत घेतात. २ मार्चपर्यंत हे घर ओलं करायचं थांबलं नाही, तर खोक्यासकट परत. मुलगी म्हणाली, "थांबेल गं!" तिला काय जातंय म्हणायला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सहा वेळा. सहा! एवढ्याशा पोटात साठवतो कुठे हा?

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबमध्ये आज एका गृहस्थांनी लघवीचा नमुना सरबताच्या बाटलीतून आणला. बाटलीवर अजून संत्र्याचं चित्र. एका आजींनी दुसरं ते दागिन्यांच्या डबीतून आणलं, आत मखमल! बावीस वर्षं मी हे बघतेय. लोकांना वाटतं आम्हाला वास येत नाही. येतो! येतो हो! फक्त चेहऱ्यावर दाखवायचा नसतो. घरी आल्यावर निदान नाकाला सुट्टी असायची. आता दार उघडलं की तोच वास, वर फिनेल.

संध्याकाळी पिल्लाला टोचून आणलं. डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाची. म्हणाली, झोपून उठला, खाल्लं, खेळला, की लगेच उचलून कागदावर ठेवायचं. कागदावर केलं की खूप कौतुक करायचं. चुकलं तर ओरडायचं नाही, मारायचं नाही, आणि "नाक तर अजिबात घासायचं नाही हं ताई."

बाबांना सांगितलं तर फिसकन हसले. "नाक घासल्याशिवाय कळत नाही. एकदा घास, दुसऱ्यांदा करणार नाही." पस्तीस वर्षं मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते ते. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची गादी मैदानाच्या मधोमध वाळत टाकायचे, आणि सकाळच्या हजेरीला तो मुलगा गादीशेजारी उभा. मी क्वार्टरच्या खिडकीतून बघायचे. "शंभर मुलं वळणावर आणली अशी," बाबा म्हणाले. बाबांपुढे कोण बोलणार!

९ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहू की नको? लिहिते. त्याने शी केली. कागदावर नाही, अर्थात. मी फडकं आणायला गेले. परत येते तो जागा साफ! चाटूनपुसून साफ! आणि हा जीभ फिरवत माझ्याकडे बघतोय, पापा घ्यायला येतोय!!

मला ओकारी आली. खरंच आली. बेसिनपर्यंत पोचले कशीबशी.

मुलीला फोन केला. पाच मिनिटं नुसती हसत होती. म्हणे, "आई, तू रोज काय हाताळतेस ते आठव जरा." मी म्हटलं, "ते डबीत असतं! वर झाकण असतं! झाकणावर नाव असतं! कुणाचं काय ते मला माहीत असतं!" बावीस वर्षांत एका नमुन्यावर चुकीचं नाव लागू दिलेलं नाही मी. पोरगी हसतेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

माझ्या उशीला वास येतोय. की मलाच सगळीकडे येतोय?

१२ फेब्रुवारी, बुधवार

केलं!! कागदावर! मी न उचलता, स्वतःच्या पायांनी चालत गेला, दोन गिरक्या घेतल्या आणि बसला. मी टाळ्या वाजवल्या. एकोणपन्नासाव्या वर्षी, केस पिंजारलेले, गाऊनवर, कुत्र्याच्या मुतण्याला टाळ्या. "शहाणं माझं! गुणाचं माझं!" माझा नवरा सोडून गेला त्याच्याही आधीपासून इतकं लाडाने मी कुणाशी बोललेले नाही.

बाबा खुर्चीत बसून हसत होते. दुपारी मी नसताना तेच त्याला उचलून कागदावर ठेवतात. दर दोन तासांनी, घड्याळ लावून. रेक्टर तो रेक्टरच. या वयात एक गोळी नाही त्यांना. लॅबवालीचे वडील, पण सुई टोचून घ्यायची म्हटलं की, "मला काय धाड भरलीय?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस हॉल कोरडा. मला वाटलं, सुटले!

कसली सुटतेय. आज सकाळी सहाला पॅसेजमध्ये, बाबांची खोली आणि बाथरूम यांच्या मध्ये, हे एवढं तळं! एवढंसं पिल्लू आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत! मोजे घातलेले होते मी. मोजे! ओला मोजा पायातून सोलून काढणं यासारखी किळसवाणी गोष्ट जगात दुसरी नसेल.

म्हणजे हा लबाड आहे. दिवसा आमच्यासमोर कागदावर, आणि कुणी उठायच्या आत पॅसेजमध्ये. माझ्या खोलीत झोपतो, दार उघडंच असतं, जातो गुपचूप.

बाबा उठून आले. आता नाक घासायला सांगणार, असं वाटलं. तर म्हणाले, "असू दे. मुकं जनावर आहे." म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणायचा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परत पॅसेज. बाथरूमचं पायपुसणंही भिजवलंय. बादलीत टाकलं, चिमट्याने धरून.

बाबा हल्ली आपले कपडे आपणच धुतात. मी उठायच्या आत पायजमा दोरीवर. म्हणतात, तुला कुत्र्याचंच केवढं होतं. पाण्याचा जग मात्र दोनदा भरावा लागतो त्यांच्या खोलीतला, पिल्लामागे धावून घसा सुकतो म्हणे. असो. घरात एक तरी जीव स्वच्छ आहे!

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज माझं डोकं फिरलं.

पॅसेज ओला. घसरलेच मी, ढोपर भिंतीवर आपटलं, हात त्या घाणीत. काय झालं मला कळलं नाही. तशीच उठले, बटण माझ्या गादीवर गाढ झोपलेला, त्याला मानेला धरून आणलं आणि त्याचं नाक घासलं फरशीवर. "हे काय आहे? हे काय आहे?" तो ओरडलासुद्धा नाही. नुसते पाय झाडत होता.

तर बाबा दारातून केवढ्यांदा ओरडले! "पुरे! पुरे म्हणतो ना! सोड त्याला!" भिंत धरून उभे होते. मी म्हटलं, "तुम्हीच तर सांगितलंत, नाक घासल्याशिवाय कळत नाही!" बाबा खोलीत गेले, दार लावून घेतलं. दुपारी जेवले नाहीत. रात्रीही दोनच घास.

बटण सोफ्याखाली. हाक मारली तर आणखी आत सरकतो. पांढऱ्या मिशा पिवळ्या झाल्यात. धुवायच्या म्हणून ओढून काढला तर माझ्या हातात लटलट कापायला लागला. मला माझीच किळस आली, खोटं कशाला लिहू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल नव्हतं, आज परत. बस्स झालं. मुलीला फोन करून सांगितलं, २ तारखेला येऊन घेऊन जा. ती रडायला लागली. मी म्हटलं, "रड. मी रोज रडतेय, हातात फडकं घेऊन."

बाबा ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "अजून थोडे दिवस बघू या. त्याची काय चूक आहे?"

"त्याची नाही तर काय माझी? तुम्हाला काय होतंय बोलायला, पुसावं तुम्हाला लागत नाही!"

बाबांनी मान खाली घातली. बाबांनी! जन्मात कधी पाहिलं नव्हतं. उगाच बोलले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबा दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसलेत. काहीतरी पुटपुटत असतात त्याच्या कानात. मी गेले की गप्प.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुंग्या.

सकाळी पॅसेजमधल्या तळ्याच्या कडेने मुंग्यांची रांग. बारीक, लाल, काठाकाठाने तोंड लावून बसलेल्या. मी फडकं घेऊन तशीच उभी राहिले. मुंग्या कशाला येतात हे मला कुणी शिकवायला नको.

पुसलं नाही. सिरिंजने फरशीवरून दोन मिली ओढून घेतलं, डबीत भरलं, झाकणावर लिहिलं "बटण, पिल्लू, नर" आणि पर्समध्ये घालून कामावर गेले. पर्समध्ये! कंगव्याशेजारी! लॅबमध्ये सगळ्या डब्यांच्या शेवटी हळूच पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन बघता बघता गडद तपकिरी. चार प्लस. दुसरी पट्टी बुडवली. चार प्लस.

तीन महिन्यांचं पोर आणि मधुमेह! म्हणून इतकं होत होतं त्याला, आवरत नव्हतं त्याला बिचाऱ्याला, आणि मी नाक घासलं. घरी जाऊन त्याला हाक मारली. सोफ्याखालून लगेच आला नाही. फरशीवर पालथी पडून हात लांब केला, तेव्हा बोट चाटलं. कान, मिशा, ओलं नाक, सगळ्याचा पापा घेतला. वास येत होता. येऊ दे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून आले, बाबा फिरायला गेले होते. बटणाला उचलला आणि थेट डॉक्टरीणबाईकडे. तिने कानातून थेंबभर रक्त काढलं. साखर अगदी नीट. टेबलावरच त्याने भीतीने केलं, त्यात पट्टी बुडवली. काही नाही! स्वच्छ!

"नमुना याचाच होता ना ताई?"

"मग कुणाचा?"

"त्याला करताना पाहिलंत तुम्ही?"

नव्हतं पाहिलं. पण फरशीवरचं घेतलं, काहीतरी मिसळलं असेल, फिनेल, साबण, काहीही. मी फारच घाबरलेली दिसले असेन. ती म्हणाली, दोन दिवस ठेवून जा, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवते, खाली सगळी लघवी गोळा होते, परत तपासू. ठेवून आले. मी निघाले तर जाळीला नाक लावून बघत होता.

घरी आले तर बाबा न जेवताच झोपलेले, खोलीचं दार बंद. सांगायचं राहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पॅसेज ओला.

बाबा तिथेच उभे. धुतलेला पायजमा खांद्यावर, हातात माझं पुसायचं फडकं, वाकायला जमत नव्हतं. मला बघून म्हणाले, "बटणाने परत केलं बघ." माझ्याकडे न बघता.

पिंजऱ्याच्या जाळीला लावलेलं ते नाक डोळ्यांपुढे आलं. मग म्हटलं, "हो ना. मेला सुधरायचाच नाही." फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि गुडघ्यावर बसून सगळं पुसलं, कोपऱ्यापर्यंत.

मुलीला कळवलं, रविवारी येऊ नकोस, बटण कुठेही जात नाही. दुपारी बाबांना लॅबमध्ये नेलं. आमच्याकडे सगळ्यांच्या घरच्यांची तपासणी करायचा नवा नियम निघालाय, अशी थाप मारली. मुकाट्याने आले. डबीवर त्यांचं नाव मी स्वतः लिहिलं, सुवाच्य अक्षरात. पॅसेजमधल्या तळ्यावर मात्र बटणाचंच राहील.