बादलीतली चाळण

शिरूर, रविवार, १४ मार्च १९९९

आज मी भाऊजींच्या कपाळावर मग हाणला. पन्नाशीच्या दिराला, आणि तोही पितळी मग!

आमची गाडी दर रविवारी तेच येऊन धुतात. एक बादली साबणाची, दुसरी फडकं खळबळायची, आणि त्या दुसरीच्या तळाशी पुरणाची जुनी चाळण उपडी. मग खडे खाली राहतात, फडक्याला लागत नाहीत. किती वेळा सांगितलं! आज बॉनेटवर चार ओरखडे दिसले, आणि बादलीत चाळणच नाही.

"चाळण न्हवतीच वहिनी. आन् पत्र्याची गाडी हाय, नवरी न्हाई," म्हणून हसले. हसले म्हणूनच माझा हात उठला का? भुवईवरून रक्त ओघळलं. "खोटं बोलता, वर हसता!" म्हणत मी बादलीही लाथाडली. त्यांनी गाडी पुसून काढली आणि न जेवता घरी गेले.

संध्याकाळी जास्वंदीला पाणी घालताना चाळण पायाला लागली. काल तिथे बादली रिकामी केली होती ती मीच. मीच!

उद्या चाळण घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार. त्यांनी तीच माझ्या कपाळावर हाणली तर हाणू देत. मी मागे सरणार नाही.