कडी आतून आहे का

६ जानेवारी २०२५, सोमवार

निवड झाली! सहा महिने, उत्तर युगांडा, निर्वासितांच्या छावणीतलं बाळंतपणाचं केंद्र. एका स्वयंसेवी संस्थेतर्फे, विनावेतन. आठ वर्षं नगरच्या दवाखान्यात नर्स म्हणून लेबर रूममध्ये उभी आहे मी. आता एकदा तरी अशा ठिकाणी उभं राहायचंय, जिथं माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

घरी सांगितलं आणि तोंडाची चव गेली. कल्याण — एरवी दादा म्हणते, आज म्हणायची इच्छा नाही — हातातला घास ठेवून म्हणाला, "बाईमानसानं तिकडं मरायला कशाला जायाचं?" आई उठून गेली, जेवलीच नाही. अण्णा ताटाकडं बघत राहिले.

कुणी एकानंसुद्धा विचारलं नाही, की पंकजा, तिथं जाऊन करणार काय?

७ जानेवारी

कल्याणचं यूट्यूब सुरू! जळती गावं, बंदूकवाली पोरं. मी म्हटलं, हा देशच वेगळा आहे. तर म्हणतो, "तिकडं सगळं एकच हाय."

एकोणीस साली श्रीगोंद्याचं स्थळ ह्यानंच पसंत केलं होतं. "लई चांगली मानसं हायेत, मी सोता बघून आलोय." त्या चांगल्या माणसांनी दीड वर्षात माझा हात मोडला. तेव्हा कुठं गेली होती ह्याची काळजी? आणि आता मला धोके शिकवतोय!

८ जानेवारी

शेजारच्या काकू भाजी निवडत ओरडून विचारतात, "काय गं, आफ्रिकेला चाललीस म्हनं? तिथं मानसं खात्यात का?" आख्ख्या केडगावला कळलंय. मी म्हटलं, खातात, पण आधी चौकशा करणाऱ्यांना.

आईनं ऐकलं. परत जेवली नाही.

११ जानेवारी, शनिवार

संस्थेकडून सुरक्षेचे कागद आले. चौतीस पानं. मलेरिया, साप, रस्त्यावरचे अपघात, गोळीबार झाला तर जमिनीवर कसं पडायचं. सगळं वाचलं. वहीत दोन रकाने केले — इथं काय होऊ शकतं, तिथं काय होऊ शकतं. इथला रकाना काही छोटा भरला नाही. रात्रपाळी संपवून पुणे रोडनं स्कूटीवर येते मी, ती काय देवळातून येते?

पण एकोणतिसाव्या पानावर अडकले. अपहरण झालं तर मी जिवंत आहे हे पटवायला तीन प्रश्न लिहून द्यायचे. त्यांची उत्तरं फक्त मला आणि घरच्यांनाच माहीत हवीत.

पेन धरून अर्धा तास बसले. घरच्यांना माझ्याबद्दल काय माहीत आहे? एकही प्रश्न सुचेना.

भीती वाटली. ती फक्त इथं लिहितेय. बाहेर पडता कामा नये.

१५ जानेवारी, बुधवार

अण्णा बोलले! बावीस वर्षं सुप्याच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन होते. बोलायची सवयच नाही राहिली. आज कागद घेऊन आले. मोबाईल धरून एकेक पान मराठीत करून वाचलंय म्हणे. चार दिवस तेच चाललं होतं, मला पत्ता नाही.

"सगळं लिव्हलंय," म्हणाले, "जनावर हाय, बंदूकवाले हायेत. तू निजनार त्या खोलीचं कायच न्हाई. कडी आतून हाय का? दुसरी चावी कुनाकडं ऱ्हाती?"

मी भडकले. म्हटलं, "अण्णा, ते तुमच्या कंपनीचं गोडाऊन नाही."

कागद नीट घडी करून ठेवले आणि बाहेर गेले. असं बोलायला नको होतं. पण माफी मागितली नाही. ह्या घरात माफी मागावी अशा लायकीचं कुणी आहे का!

तरीही रात्री संस्थेला मेल केला. दोन ओळी — कडी आणि चावी.

१९ जानेवारी, रविवार

उत्तर आलं : "निवासाची व्यवस्था सुरक्षित असून आपण निश्चिंत राहावे." मी परत विचारलं, कडी आतून आहे का? परत तेच वाक्य. शब्दही तेच, स्वल्पविरामसुद्धा तिथंच!

साध्या प्रश्नाला साधं उत्तर का देता येत नाही?

संस्थेच्या फेसबुक पानावर मागच्या वेळच्या नर्सचा फोटो सापडला. रेश्मा, संगमनेरची. सहा महिन्यांसाठी गेली होती, तीन महिन्यांत परत. नर्सिंग कॉलेजच्या पोरींकडून नंबर मिळवला. हल्ली राहायला पनवेलला.

२२ जानेवारी

सकाळी फोन केला. संस्थेचं नाव काढताच तिनं कट केला. संध्याकाळी तिचाच फोन आला, स्वतःहून.

"ताई, त्यांनी सांगितलं का तुम्हाला फोन करायला?"

नाही म्हटलं. माझ्या वडलांनी विचारलंय, कडी आतून आहे का.

ती म्हणाली, "नाही. कडी नाही."

मग थांबलीच नाही. दुसरी चावी तिथल्या प्रमुख डॉक्टरकडं. तो तिथला नाही, आपल्याकडचाच, पुण्यात शिकलेला. काय हवं-नको बघायला म्हणून आत यायचा, न वाजवता. पहिल्यांदा दारात उभा राहिला. दुसऱ्यांदा खाटेवर बसला. तिसऱ्या वेळेनंतर ही रोज खाट ओढून दाराला लावायची आणि खाली झोपायची. वर तक्रार केली, तर शेऱ्यात लिहिलं — घरच्या आठवणीनं मानसिक ताण. आणि परतीचं तिकीट हातात.

तिसऱ्या वेळी काय झालं, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"माझं नाव कुठं घेऊ नका, ताई. मागच्या मे महिन्यात लग्न झालंय. घरी कुणाला माहीत नाही."

बंदूकवाल्यांसाठी चौतीस पानं! आणि ह्याच्यासाठी एक ओळ नाही.

२३ जानेवारी

निवड करणाऱ्या बाईंशी व्हिडिओ कॉल. मागं पुस्तकांचं कपाट, गळ्यात मोठे मणी, चेहऱ्यावर हसू. रेश्माचं नाव न घेता म्हटलं, दाराला आतून कडी बसवा, दोन्ही चाव्या माझ्याकडं राहतील असं लेखी द्या.

हसू तसंच. "पंकजा, तुमच्यासारख्या कणखर बाईकडून ही अपेक्षा नव्हती. बाकी कुणीच असं काही विचारलं नाही."

म्हटलं, एका कडीला असा किती वेळ लागतो?

"नियम सगळ्यांना सारखे असतात."

म्हणजे माहीत आहे ह्यांना. सगळं माहीत आहे! त्या मण्यांच्या माळेनं गळा आवळावासा वाटला.

२७ जानेवारी, सोमवार

चार दिवस कुणाला काही बोलले नाही. का, ते खरं लिहू?

कल्याण जिंकेल म्हणून.

काल तर मनाशी ठरवलंही होतं — जायचं, बरोबर कुलूप न्यायचं, त्याची जिरवायची. एका माणसाला बरोबर ठरू द्यायचं नाही म्हणून मी त्या खोलीत झोपायला निघाले होते! स्वतःचीच किळस आली.

आज नकार कळवला. जेवताना सगळं सांगितलं, रेश्माचं नाव सोडून. कल्याण म्हणालाच, "मी म्हनलंच हुतं!"

"तू बंदूकवाले म्हणाला होतास," मी ओरडले, "हा डॉक्टर आहे. तुझ्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून फिरणारा! तुला माणसं ओळखता येतात? श्रीगोंद्याला ओळखली होतीस?"

वहिनीनं पोरांना आत नेलं. तो ताटावरून उठला.

अण्णांना मात्र तिथंच, सगळ्यांसमोर म्हटलं, चुकले मी. त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

३ फेब्रुवारी

कल्याण बोलत नाही. बरं आहे. शांतता आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संस्थेच्या पानावर नवा फोटो. "आमची नवी स्वयंसेविका ज्ञानेश्वरी." वय तेवीस. भंडारदऱ्याकडची. हातात गुच्छ, तोंडभर हसू. रविवारी दुपारी अडीचचं विमान, मुंबईहून.

मी नाही म्हणाले आणि मोकळी झाले. ती जागा रिकामी राहणार नाही हे माझ्या डोक्यातच कसं आलं नाही?

८ फेब्रुवारी, शनिवार

ज्ञानेश्वरीचा नंबर दुपारी मिळाला. सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मला वाटलं पटतंय. मग म्हणाली, "तुमची हिंमत झाली नाही ना ताई? मग माझी मोडू नका. घरचे पण रोज हेच करतात." मी म्हटलं, एका मुलीबरोबर हे झालंय. "कोण मुलगी? नाव सांगा."

नाव कसं सांगू?

कट. नंतर ब्लॉक.

रेश्माला फोन केला. फक्त तिच्याशी बोल म्हटलं, एकदाच. ती रडायला लागली. "नाही जमणार. माझा संसार मोडेल." मग तिला मेसेज केला — ज्ञानेश्वरीचं नाव, वय, विमानाची वेळ. तिनं वाचला. उत्तर नाही.

पायरीवर बसले होते. राग कुणाचा करावा तेही कळेना. मागं कल्याण उभा. किती वेळ होता कोण जाणे, सगळं ऐकलं होतं त्यानं.

"विमान किती वाजता?"

"अडीच."

"अकराच्या आत पोचाय पायजे मग."

मी म्हटलं, ती माझं ऐकणार नाही. तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्या लग्नाच्या येळंला म्या चौकशीचा एकबी फोन केला न्हवता कुनाला. नुसता च्या पिऊन आल्तो." आणि गाडीत डिझेल टाकायला गेला.

पहाटे पाचला निघायचं. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आम्ही पोचलो तर विमानतळावर रेश्मा आधीच उभी होती. शेजारी नवरा. पनवेलहून येताना वाटेत तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. ज्ञानेश्वरीपुढं जाऊन म्हणाली, "मी रेश्मा. त्या खोलीत मी राहिलेय."

ज्ञानेश्वरी गेली नाही.