तू तिला रागावलीस

आई, आज तुझ्या जुन्या कम्प्युटरला नवी हार्ड डिस्क बसवली आणि त्यावर लिनक्स ही सिस्टीम टाकायला घेतली. मशीन स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावरच आहे, तू असताना ठेवायचीस तिथंच. आता डिस्कचे भाग पाडायचेत: मशीन सुरू होण्यापुरता एक छोटा, एक सिस्टीमचा, मेमरी कमी पडली तर हाताशी म्हणून एक स्वॅपचा, आणि उरलेली सगळी जागा आपल्या फायलींना. वाटलं होतं, तुझी आठवण येईल. आली ती तिची.

तुझी ती सायखेड्याची विद्यार्थिनी. पॉलिटेक्निक सुटलं की तुझ्याबरोबर नाशिक रोडला आपल्या घरी यायची आणि बसची वेळ होईपर्यंत माझ्या खुर्चीत बसायची. ती खुर्ची माझी होती, हे तुझ्या कधी लक्षातच आलं नाही. एक दुपार तर अजून डोळ्यांसमोर आहे. तू ओट्याशी भाजी परततेयस, ती टेबलाशी भाग पाडतेय, आणि एकदम रडवेली होऊन म्हणते, "मॅडम, लय घोळ झाला हो. दुसरीच डिस्क पुसली मी." त्या दुसरीवर माझ्या गॅदरिंगचे फोटो होते. तू गॅस बंद केलास. "वाचता येतं ना तुला? डब्ल्यू दाबलं की सगळं कायमचं लिहिलं जातं. त्याआधी पी दाबून यादी का नाही बघितलीस?" किती चिडली होतीस! ती उठायला लागली तर म्हणालीस, "उठायचं नाही. पुसलंयस तू, आता पहिल्यापासून मांडणारही तूच." आणि भाजी तशीच अर्धीकच्ची ठेवून संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी बसलीस. फोटो गेले माझे, आणि निघताना डब्यात खीर भरून दिलीस तिला.

मला तू कधी रागावली नाहीस. पुण्याला कॉलेजला निघाले तेव्हा लॅपटॉप सगळा तयार करून, कव्हरमध्ये घालून हातात दिलास. "तुझ्या डोक्याला कशाला ताप," म्हणालीस. मैत्रिणींना माझा हेवा वाटला. मी मात्र तेव्हापासून विचारतेय, मला जमणारच नाही असं तू ठरवून टाकलं होतंस का? एवढंच हवं होतं गं, शेजारी बसून मलाही एकदा झापायला. तिचा विचार आला की अजून जळते मी, या वयात.

स्वॅपला किती जागा द्यायची, यावर अडले. शेवटी नाक मुठीत धरून तिलाच फोन केला. आता ती सातपूरला एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी सुटले की येते. दहा मिन्टाचं काम हे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "नको. मला आईनंच शिकवलंय हे सगळं, तुझ्याही आधी." ती हळूच म्हणाली, "मॅडम कधी बोलल्या नाय तसं." आवाज एकदम पडला होता तिचा. हे कुठं पाठवायचं नाहीये म्हणून सांगते आई, तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.