वाफेवर न उघडलेलं पाकीट

प्रिय ताईस सादर नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? आणि भावजींना एका कानाने तरी ऐकू येतं, की ऐकायचं नसलं की दोन्ही बंद?

परवा किटलीची वाफ बघता बघता तू दिसलीस. दोन वेण्या घातलेली, स्टुलावर उभी राहून मुख्याध्यापिका सिस्टरनी बाबांना दिलेलं पाकीट वाफेवर धरणारी. मी कोपऱ्यात रडत होते, कारण दुसऱ्याचं पत्र उघडणं पाप आहे हे शाळेने मला शिकवलं होतं आणि तुला शिकवायचं राहून गेलं होतं. आत निघालं काय, तर धाकटीच्या बुटांना पॉलिश असावं. पाकीट तू भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवलंस, आणि सिस्टर जेवता जेवता पत्रं लिहितात असं बाबा जन्मभर समजत राहिले.

आता माझं ऐक. महिनाभर उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा तर न्हाणीघराच्या दाराला मिठी मारून उभी राहिले (घरात कुणाला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस). आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, गप्प झाले आणि मोठ्या रुग्णालयाच्या जनरल मेडिसिन विभागाच्या नावे चिठ्ठी दिली. बडबडा माणूस गप्प झाला की धस्स होतं.

तिथे मात्र कुणाला घाई नव्हती. नर्सने आडवं झोपवून रक्तदाब घेतला, मग बसवून, मग उभं करून, जणू माझ्या कोटाचं माप चाललंय. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी (आपल्या सुनांच्या वयाच्या) माझा बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला आणि सगळ्या गोळ्या पत्त्यांसारख्या मांडल्या. एकेक हाड, एकेक अवयव पाहणारे डॉक्टर वेगळे. सगळ्यांचं मिळून माणसात काय होतं, ते पाहणं हे यांचं काम. शेवटी कात्रीने कापलेली, नाव नसलेली पट्टी त्यांच्या हाती लागली.

"या कोणी दिल्या?"

"ताईंनी."

"कुठल्या विभागाच्या?"

"शिवणकामाच्या," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, दिवसभर मशीनवर शिवतच तर असतेस तू.

तुला मानवल्या म्हणून तू मला टपालाने पाठवल्या होत्यास, त्याच त्या. त्यांनी त्या तिथल्या तिथे बंद केल्या, रक्त काढवलं आणि म्हणाल्या, चिठ्ठी देऊन रुग्ण पाठवणाऱ्याला उत्तर लिहिल्याशिवाय आम्ही काम संपलं असं मानत नाही. शुक्रवारी उत्तर आणायला गेले, तर त्या वॉर्डात होत्या. खिडकीवरच्या कारकुनाने दोन चिकटवलेली पाकिटं हातात ठेवली. एकावर आपल्या डॉक्टरांचं नाव. दुसऱ्याचं नंतर सांगते. आपले डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला.

तीन दिवस ते पाकीट कपाटावरून माझ्याकडे बघतंय. किटलीही शेजारीच आहे. चक्कर पार थांबली आहे, पण ती वादळापूर्वीची शांतता असावी असं मला वाटतं. म्हणून वेळीच लिहून ठेवते. आईची शाल तुला. मोत्यांच्या कुड्या सुनेला. सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेलं पेन नातीला, ती नीट लिहीत असेल तरच.

तुझी,
धाकटी

ता. क. सोमवार, दुपार. डॉक्टरांनी पाकीट फोडून मोठ्याने वाचलं. हृदय ठीक, रक्त ठीक. तुझी गोळी (रुग्णालयाने ती वरच्या खुणेवरून ओळखली) आणि माझी रक्तदाबाची गोळी, दोन्हींत औषध एकच, नावं फक्त वेगळी. मी महिनाभर दुप्पट घेत होते. डॉक्टर पुन्हा बडबडायला लागले, तेव्हा मला तिथेच रडू आलं. वरची वाटणी रद्द. कुड्या मी आजच घातल्या आहेत.

ता. क. दुसरा. सोबतचं पाकीट तुला. त्यावर 'रुग्णाच्या ताईंना' असं लिहिलं आहे, कारण औषध देणाऱ्यांत डॉक्टरीणबाईंनी तुलाही धरलं. मी उघडलेलं नाही. लिहिण्याआधी त्यांनी विचारलं होतं, की ताई स्वतः या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेतात. शेजारणीच्या, असं मी सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांच्याकडे पुढच्या बुधवारचा तुझा नंबर मी लावला आहे. डबाभर गोळ्या घेऊन ये. भावजींना चांगला कान घेऊन ये म्हणावं. तुझ्या कापलेल्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या औषधवाल्याकडे नष्ट करायला दिल्या. आणि शाल तुलाच, पण हातात देईन. या पत्रानंतर टपालाने या घरातून आता काहीही जाणार नाही.