मधल्या स्विचवरचा आवाज आणि इतर मिळकत

मी, बुद्धभूषण तातेराव बोर्डे, वय एकोणपन्नास, राहणार मस्तगड, जालना, मूळ गाव केदारखेडा, तालुका भोकरदन, धंदा भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवणे आणि साप्ताहिकात लोकांची टर उडवणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव आहे तो भीतीचा, आणि ती माझ्या वारसांत मोडत नाही.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. काळीज बिघडल्याचा कागद ज्या डॉक्टरांनी दिला, त्यांनीच तोही दिला, एकाच पेनाने.

मृत्युपत्र करण्याचे कारण असे. केदारखेड्याच्या जयंतीच्या कार्यक्रमात मी ऐन गाण्यात स्टेजवर आडवा झालो. लोकांना वाटले, भाऊ रंगात आले. टाळ्या पडल्या. आमच्या कीबोर्डवाल्या भारतने माझा तुकडा बटनावर वाजवून गाणे पुढे नेले. हा मुद्दा कलम चारमध्ये येईल. तपासणीत निघाले ते असे की माझ्या हृदयाचे वरचे कप्पे आणि खालचे कप्पे एकमेकांच्या तालावर नाहीत. छातीत पेसमेकर बसवायचा आहे, सोमवारी, संभाजीनगरला.

डॉक्टर म्हणाले, "छोटीशी प्रोसिजर आहे. भूल फक्त तेवढ्या जागेची. तुम्ही जागेच असाल, आमच्याशी गप्पा मारा."

गप्पांवर मी आयुष्य काढले. त्या वेळी मात्र दाराकडे बघत बसलो. कारण आमच्या आबांचे हर्नियाचे ऑपरेशनही छोटेसेच होते. आबा, म्हणजे तातेराव बोर्डे, भीमगीतांचे गायक, आपल्या पायांनी आत गेले. दारात वळून म्हणाले, "भूषण, पेटीवर कपडा टाक रे, धूळ बसून राह्यली." बाहेर आले ते तोंडावर चादर घेऊन. पेटीवर मी कपडा टाकला. तो अजून आहे.

तेव्हा मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे.

कलम १. मस्तगडमधील राहते घर माझी पत्नी प्रिया हिला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून घर तिच्याच पगारातून उभे राहिले आहे, म्हणजे मी तिला तिचेच देत आहे. कायद्याला हे चालते म्हणे. नवऱ्यांना तर नेहमीच चालत आले आहे.

कलम २. बँकेत जे असेल तेही प्रियाचे. किती आहे ते तिला विचारावे.

कलम ३. गिटार. इथे वाचणाऱ्याने जरा दम खावा, मीही खातो.

आबा गेल्यावर पार्टीला गायक मिळाला, आवाज मिळाला नाही. आबा नाकातून गायचे. बारीक, थोडा तक्रारीचा सूर, पण मागच्या रांगेतल्या म्हातारीच्याही काळजाला जाऊन लागायचा. त्यांच्या कॅसेटींना बुरशी लागली. मग मला खूळ लागले की तो सूर गिटारमध्ये सापडेल. माझी गिटार जुनी घेतलेली, तिचे पिकअप मेलेले. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची आणि बारीक तांब्याच्या तारेची डबी. वर तार हलली की ती त्या हलण्याची वीज करते आणि अँपच्या स्पीकरला देते. सगळा स्वभाव त्या डबीत असतो. मुंबईहून एक मागवला. गोड निघाला, लग्नाच्या हॉलसारखा. मग दोन कॉइलचा जाडा आणला, विजेची घुंई न करणारा. तो इतका सभ्य की त्याला काही म्हणायचेच नव्हते.

शेवटी संपतकडे गेलो. संपत हा माझा केदारखेड्याचा मित्र, एमआयडीसीत जळालेल्या मोटरी भरून देतो. त्याने केसासारखी तार मिळवून दोन पिकअप हाताने गुंडाळले. त्याच्या दुकानात पहिला लावून बघितला, तर गिटारच्या आधी शेजारची मिलच गायला लागली, इतकी घुंई. दुसराही तसाच. मग मी स्विच मधे आणला, दोन्ही एकदम चालू.

घुंई गेली, आणि आबा आले.

मी अँप बंद केला. पुन्हा लावला. अजून होते.

हे कसे झाले ते मला माझी मुलगी प्रीती इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लागल्यावर कळले. मोटरमध्ये शेजारच्या कॉइली एकमेकींच्या उलट्या ठेवतात. संपतच्या हाताला तीच सवय. त्याने गिटारचीही दुसरी कॉइल उलटी गुंडाळली आणि चुंबक मात्र दोन्हीकडे सारखे बसवले. त्यामुळे मधल्या स्विचवर दोन्ही पिकअप एकमेकांना खोडतात. घुंई कटते, जाड आवाजही कटतो, आणि उरतो तो नाकातला.

"पप्पा, एक चुंबक फिरवला की बराबर होईल," प्रीती म्हणाली.

"हात लावू नको."

"पण चूक हाय ती!"

"माहीत आहे."

सबब, गिटार प्रीतीला, या अटीवर की माझ्या पश्चात तिने किंवा पुण्यामुंबईच्या कुठल्याही शहाण्या कारागिराने चुंबक फिरवू नये. फिरवल्यास गिटार भारतकडे जाईल. मी वाचलो तरी हे कलम लागू आहे, कारण डॉक्टर म्हणतात, चुंबक पेसमेकरपासून वीतभर लांब ठेवा, आणि आम्ही पडलो मांडी घालून गिटार छातीशी धरणारे. म्हणजे सोमवारनंतर एक तर मी नसेन, नाही तर आबा माझ्या छातीला लागलेले चालणार नाहीत.

कलम ४. भारत याला, वरची अट मोडली नाही तर, काहीही नाही. त्याच्याकडे सगळे बटनात आहे. माझ्या शोकसभेत त्याने रडण्याचे बटन दाबावे.

कलम ५. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील झाले की पुरे. कुठल्याही पुढाऱ्याच्या हाती माईक देऊ नये. दिल्यास मी उठून बसेन आणि डॉक्टरांचा सगळा खर्च वाया जाईल.

कलम ६. संपतला काही नाही. साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्याला साक्षीदार केले आहे. पिकअपमध्ये चूक आहे हे मी त्याला कधी सांगितलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते. त्याने वाचू नये.

कलम ७. त्याने वाचले.

आज दुपारी तो सही करायला आला. प्रीतीही घरी आलेली. चष्मा लावून तो कलम तीनवर बराच वेळ थांबला.

"भूषणभाऊ, चूक हाय व्हय ही? मी इतके वर्षं लोकायला सांगून राह्यलो, तातेरावबाबाचा आवाज म्या बांधला म्हणून!"

"तूच बांधलास."

"मोटर असती तं पहिल्याच दिवशी धूर निघाला असता. सांगितलं काहून न्हाई?"

"तू दुरुस्त करून दिलं असतंस."

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "दिलं असतं."

प्रीती म्हणाली, चुंबकाला हात लावायलाच नको. एका पिकअपच्या दोन तारा आपसांत बदलणारा छोटा स्विच बसवू. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला बराबर.

"टेबलफॅनचा हाय माझ्याकडं. चालंल?"

"काका, गिटारला काय गर्मी होऊन राह्यली का?"

स्विच तिने येतानाच आणला होता. म्हणजे ठरवून आली होती. त्यांनी हे मृत्युपत्र बाजूला सरकवले आणि त्याच टेबलावर गिटार उघडली. लाकडाच्या खोबणीतून लाल-पांढऱ्या तारा बाहेर आल्या. प्रीतीने एक कापली. सोमवारी मी असाच पडलेला असेन, जागा, आणि वरून कुणी तरी म्हणेल, ही तार कुठली?

"पप्पा, घाबरलात का?"

"नाही."

"मंग पाय काहून हलून राह्यला?"

प्रिया आतून आली, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला. बाकीचा मी हलतच होतो.

तारांना कथिलाचे डाग देऊन झाले. प्रीतीने गिटार मांडीवर खाली घेतली, छातीपासून चांगली लांब, माझ्याकडे बघत. आधी बराबर बाजू वाजवली. घुंईसकट भरदार आवाज आला. चांगला होता. कुणाचाच नव्हता. मग तिने स्विच पाडला आणि क्षणभर काहीच ऐकू आले नाही, कारण तिने तार छेडलीच नव्हती. त्या क्षणात मी मेलो, हे इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे सोमवारी सवय असेल.

मग तिने तार छेडली. आबा होते.

संपत चष्मा पुसत म्हणाला, "घ्या. धूर न्हाई निघाला."

सबब, कलम तीनमधील अट मी रद्द करतो. गिटार प्रीतीची, आजपासून. स्विच कुठल्या बाजूला ठेवायचा ते ती ठरवेल. फक्त मला आत नेतील तेव्हा तो आबांच्या बाजूला असावा. बाहेर आलो तर गिटार मांडीवर घेऊन मीच दुसरी बाजू लावून बघेन. नाही आलो तर तिने लावावी, आणि लगेच वाजवावी. गिटारवर कपडा टाकून ठेवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि पुढील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

साक्षीदार १: संपत, मोटर वाइंडिंग, एमआयडीसी, जालना. (सर्व मजकूर वाचला. राग न्हाई.)

साक्षीदार २: हरिओम, शेजारी, मस्तगड. (वाचले नाही. चहा घेतला.)

ठिकाण: जालना. शनिवार, १४ जून २०२५.

सही: बुद्धभूषण तातेराव बोर्डे

टीप: सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही. पुढे कुणी हरकत घेतल्यास कळावे, ती बनावट नाही. घाबरलेली आहे.