माई-तंतू

२ जानेवारी
संकल्प : यंदा थिसिस. मेंदूत पोकळ्या असतात, पोकळ्यांना पेशींचं अस्तर असतं आणि त्या पेशींच्या आत तंतूंचा सांगाडा. मी तो मायक्रोस्कोपखाली बघतो. म्हणजे तीन वर्षं बघतोय. दिसत नाही. मायक्रोस्कोपच भिकार. सरांनी आज बजावलं : वीस तारखेपर्यंत एक धड फोटो, नाहीतर प्रोजेक्ट ज्युनिअरला. ज्युनिअरला! कालची पोरगी!

५ जानेवारी
मायक्रोस्कोपच्या खोलीत एसी जीव घेतो. माईने विणलेला हिरवा स्वेटर घातला. फोनवर म्हणाली, त्याची लोकर सुटतेय, धुतल्याशिवाय घालू नकोस. आईला संशोधन काय कळणार.

५ जानेवारी, दुपारी
सापडला!! जाडजूड, वळणदार, झगमगता तंतू. एका पेशीत मावेना, शेजारच्या चाळीस ओलांडून गेलाय. नाव ठेवलं माई-तंतू. लगेच फोन केला. माई रडली. मग तिने अख्खी बिल्डिंग गोळा केली.

९ जानेवारी
प्रत्येक स्लाइडमध्ये माई-तंतू. उंदरात आहे. ज्युनिअरच्या माशातही आहे (तिची स्लाइड मीच करून दिली, मोठ्या मनाने). ती म्हणते, तिला आधी कधी दिसला नव्हता. अगं, नजर असावी लागते.

१४ जानेवारी
सत्काराच्या भाषणाची आरशासमोर प्रॅक्टिस. थिसिस उद्यापासून नक्की.

१८ जानेवारी
सर म्हणाले, एक रिकामी काच दाखव, पेशी न लावता. अपमान! दाखवतोच. काचेवर काही नसणार आणि सर तोंडावर पडणार.

१९ जानेवारी
रिकाम्या काचेवर तीन माई-तंतू. पाच मिनिटं काच उलटसुलट करून बघितली. मग डोक्यात प्रकाश पडला : हे पेशीशिवायही जगतात! दुसरा पेपर पक्का.

२० जानेवारी
सर रागावले नाहीत, तेच वाईट. माझ्या बाहीवरून एक धागा उचलला, काचेवर ठेवला, म्हणाले, बघ. बघितलं. जाडजूड, वळणदार, झगमगता.
प्रोजेक्ट ज्युनिअरला. माझ्याकडे तिच्या काचा पुसायचं काम. स्वेटर काढून.
संध्याकाळी माईचा फोन. बिल्डिंगमध्ये सगळे विचारतात म्हणे. बक्षीस घ्यायला थंड देशात जावं लागेल, म्हणून नवा स्वेटर विणायला घेतलाय. बाहीचं माप विचारत होती.
फार लाज वाटली. माप सांगितलं.